मनगटावरचा आकडा
(प्रस्तावना)

हौसेसाठी समुद्रात उतरणाऱ्या माणसाला डायव्हिंगची थिअरी किती यायला हवी? तीस-चाळीस वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडत नसे, कारण त्याचं उत्तर अभ्यासक्रमातच होतं. शिकाऊ डायव्हरच्या हातात प्लॅस्टिकचं टेबल दिलं जाई. पहिल्या डाइव्हची खोली आणि वेळ बघून एक अक्षर काढायचं, पाण्याबाहेर काढलेला वेळ धरून ते अक्षर बदलायचं आणि दुसऱ्या डाइव्हसाठी किती मिनिटं हातात उरली ते वजाबाकी करून शोधायचं. परीक्षेत याची गणितं असत आणि ती सोडवल्याशिवाय कार्ड मिळत नसे. आज तेच काम मनगटावरचा कॉम्प्युटर दर काही सेकंदांनी करतो. अनेक प्रशिक्षण संस्थांनी टेबलाचा धडा ऐच्छिक करून टाकला आहे. नवा डायव्हर पडद्यावरचा आकडा वाचायला शिकतो, पण तो आकडा तिथे कसा आला हे त्याला बहुतेक वेळा कुणी सांगत नाही.

या पुस्तकाची भूमिका सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. कॉम्प्युटर वापरावा, आणि न चुकता वापरावा. मात्र आपल्या कॉम्प्युटरला काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि कुठे तो अंदाज बांधतो आहे, हे डायव्हरला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. ज्याला ते सांगता येतं त्याची थिअरी पुरेशी झाली. ज्याला येत नाही त्यानं सोळा कम्पार्टमेंटांची नावनिशी पाठ केली असली तरी ती अपुरीच आहे.

या विषयावर डायव्हरांमध्ये दोन तट आहेत आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. एक तट म्हणतो की टेबलाचे दिवस गेले आणि गेले ते बरंच झालं. टेबल वाचताना माणसं चुका करत, ओळ चुकत, आणि सकाळची डाइव्ह दुपारच्या हिशेबात धरायला विसरत. शिवाय टेबल आडाख्यानं चालतं. समजा, तुम्ही ३० मीटरवर पाच मिनिटं काढली आणि पुढची चाळीस मिनिटं १२ मीटरवर खडकाच्या कडेनं फिरलात, तर टेबलाच्या लेखी तुम्ही पंचेचाळीस मिनिटं ३० मीटरवरच होता. कॉम्प्युटर मात्र प्रत्येक क्षणाची खरी खोली मोजतो, त्यामुळे उथळ पाण्यातला वेळ उथळ म्हणूनच जमेस धरतो. हा फायदा मोठा आहे आणि तो नाकारण्यात शहाणपण नाही. दुसरा तट जुन्याजाणत्या प्रशिक्षकांचा. त्यांचं म्हणणं असं की हातानं हिशेब केल्याशिवाय खोली, वेळ आणि नायट्रोजन यांचं नातं अंगात मुरत नाही. आणि ज्याला ते नातं कळलेलं नाही तो पडदा चुकला तरी ओळखू शकणार नाही.

या दोन तटांच्या वादात एक गोष्ट बाजूला पडते. टेबल काय किंवा कॉम्प्युटर काय, दोन्हीच्या पोटात एकच वस्तू आहे: मानवी शरीराचं एक गणिती प्रारूप. ते कुणी, कशावरून आणि कुणासाठी बांधलं हे समजून घेतल्याशिवाय त्यावर किती विसंबायचं ते ठरवता येत नाही. म्हणून थोडा इतिहास.

पाण्यात प्रत्येक दहा मीटरला दाब सुमारे एका वातावरणानं वाढतो. दाबाखाली श्वासात घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो. वर येताना दाब उतरला की तो बाहेर पडू लागतो, आणि फार भरभर उतरला तर शरीरातच बुडबुडे धरतात. १८७०च्या दशकात ब्रुकलिनच्या पुलाचा पाया खणताना दाबाच्या हवेत काम केलेले मजूर वर आल्यावर सांधेदुखीनं वाकत, काही लुळे पडत. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग याच दुखण्यानं अंथरुणाला खिळला आणि पुढचं काम त्याची पत्नी एमिली हिनं त्याच्या सूचना घेऊन तडीस नेलं. या दुखण्यामागे, म्हणजेच बेंड्समागे, नायट्रोजनचे बुडबुडे आहेत हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानं १८७८च्या ग्रंथात दाखवलं. कारण कळलं, पण सुरक्षित वर कसं यायचं याचं उत्तर मिळायला आणखी तीस वर्षं लागली.

ते उत्तर दिलं स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यानं. ब्रिटिश नौदलासाठी त्यानं दाबाच्या कोठीत बोकड-शेळ्या ठेवल्या आणि दाब उतरवल्यावर कुठली लंगडते याची नोंद केली. सुमारे १२ मीटरच्या आतून पाणबुडे कितीही वेळानं थेट वर आले तरी त्यांना त्रास होत नाही, हे त्याला अनुभवावरून ठाऊक होतं. त्यावरून त्यानं अनुमान काढलं की दाब एकदम निम्म्यापर्यंत उतरला तर शरीर सोसतं. मग त्यानं शरीराचे पाच भाग कल्पिले. पहिला दर पाच मिनिटांनी उरलेल्याच्या निम्मा भरतो, दुसरा दहा मिनिटांनी, आणि पुढचे वीस, चाळीस व पंचाहत्तर मिनिटांनी. पाच मिनिटांचा भाग पाच मिनिटांत अर्धा, दहा मिनिटांत पाऊण आणि अर्ध्या तासात जवळजवळ पूर्ण भरतो. पंचाहत्तर मिनिटांचा तेवढ्या वेळात पाव भागही भरत नाही. १९०८ साली हे सगळं छापून आलं. आजचे बहुसंख्य कॉम्प्युटर याच वाटेनं गणित करतात.

या पाच भागांविषयी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. कुठलाही भाग यकृत नाही, गुडघा नाही, मेंदूही नाही. शरीर वेगवेगळ्या गतीनं वायू घेतं आणि सोडतं, एवढंच सांगण्यासाठी केलेली ती आकड्यांची सोय आहे. तुमच्या मनगटावरचा कॉम्प्युटर तुमच्या रक्तातला नायट्रोजन मोजत नाही. तो पाण्याचा दाब मोजतो, घड्याळ बघतो आणि या कल्पित भागांमध्ये आता किती नायट्रोजन असायला हवा ते आकडेमोड करून काढतो.

याच प्रयोगमालेशी आपल्या देशाचा दूरान्वयानं संबंध आहे. १९०६ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर हॉल्डेनच्या चाचण्या चालू असताना त्याचा तेरा वर्षांचा मुलगाही पाणबुड्याचा पोशाख चढवून पाण्यात उतरला होता. तोच पुढचा प्रख्यात आनुवंशशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाणबुडीतून सुटकेच्या संशोधनासाठी त्यानं दाबाच्या कोठीत स्वतःवर प्रयोग केले आणि त्यात इजाही सोसली. १९५७ साली तो भारतात आला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. ज्या गणितावर आज आपण मालवणच्या किंवा अंदमानच्या पाण्यात विसंबतो, ते अशा माणसांनी स्वतःची शरीरं पणाला लावून उभं केलं आहे.

हॉल्डेननंतर अमेरिकन नौदलानं ती टेबलं सुधारली. झुरिकच्या अल्बर्ट ब्युलमान या डॉक्टरनं सोळा कम्पार्टमेंटांचं, म्हणजे अशाच सोळा कल्पित भागांचं, प्रारूप बसवलं; त्यातलं सर्वांत मंद कम्पार्टमेंट निम्मं भरायला ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त लागतात. स्वित्झर्लंडमधली सरोवरं उंचावर असल्यानं कमी वातावरणीय दाबाचा विचारही त्यानं केला. १९८३च्या सुमारास ‘एज’सारखे पहिले व्यवहार्य इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आले आणि ही सारी आकडेमोड डायव्हरच्या हातावर आली.

आता तीन टेबलं शेजारी ठेवून बघू. साध्या हवेवर ३० मीटरला, वाटेत थांबा न घेता वर येता यावं म्हणून, अमेरिकन नौदलाच्या जुन्या टेबलानं २५ मिनिटं दिली. हौशी डायव्हरांसाठी १९८८ साली आलेल्या, पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या टेबलानं २० मिनिटं दिली. कॅनडाच्या डीसीआयईएम टेबलानं १५ मिनिटंच दिली. नायट्रोजन तोच, खोली तीच, आणि तरी उत्तरात दहा मिनिटांचा फरक. यातलं कुठलंही टेबल खोटं नाही. नौदलाचं टेबल तरुण, कसलेल्या सैनिकांसाठी होतं, आणि काही बिघडलं तर उपचारासाठी दाबाची कोठी त्यांच्या हाताशी असे. पाडीचं टेबल दिवसातून दोन-तीनदा उतरणाऱ्या, सर्व वयांच्या स्त्रीपुरुषांचा विचार करून केलं आणि रक्तातले बुडबुडे डॉप्लरनं ऐकून तपासलं. कॅनडाचं टेबल थंड पाण्यात अंगमेहनत करणाऱ्यांना धरून होतं. प्रत्येकानं कुणासाठी आणि किती धोका पत्करायचा हे आधी ठरवलं, आणि आकडा त्यानंतर आला.

कॉम्प्युटरचंही तसंच आहे. एकाच बोटीवरून उतरलेल्या दोन जोडीदारांच्या (बडींच्या) मनगटांवर दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर असतील तर शिल्लक मिनिटांत फरक दिसतो. एकाच कॉम्प्युटरची सेटिंग बदलली तरी आकडा बदलतो. ज्याला हे माहीत आहे तो फरक बघून गोंधळत नाही. दोघांतला कमी आकडा पाळतो. ज्याला माहीत नाही तो जास्त मिनिटं देणारा कॉम्प्युटर ‘चांगला’ समजून विकत घेतो.

वर येण्याच्या वेगाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५०च्या दशकात अमेरिकन नौदलानं तो मिनिटाला ६० फूट, म्हणजे १८ मीटर ठरवला. जड हेल्मेट घालून हळूहळू वर येणारे पाणबुडे आणि झपाट्यानं वर येऊ इच्छिणारे फ्रॉगमन, दोघांना चालेल असा तो मधला आकडा होता. पुढची काही दशकं जगभरचे हौशी डायव्हर तो शास्त्रानं सिद्ध केलेला समजून पाळत राहिले. नंतर खुद्द त्या नौदलानंच तो निम्म्यावर आणला. आज बहुतेक कॉम्प्युटर मिनिटाला नऊ-दहा मीटरच्या पुढे गेलं की ओरडतात.

खोलवरच्या थांब्यांचंही तसंच झालं. काही वर्षांपूर्वी वर येताना आधी खोल पाण्यात थांबावं असा विचार रूढ झाला आणि अनेक कॉम्प्युटरांनी तो आत बसवला. अमेरिकन नौदलानं प्रत्यक्ष माणसांवर चाचण्या घेतल्या तेव्हा उथळ थांब्यांचा वेळ खोल पाण्यात नेल्यानं बेंड्स कमी व्हायच्या ऐवजी वाढल्याचं २०११ साली पुढे आलं. पण जुन्या सेटिंगचे कॉम्प्युटर अजून वापरात आहेत. आपला कॉम्प्युटर कुठल्या काळचा विचार घेऊन चालतो आहे हे मालकाला माहीत असायला नको का?

आणि यंत्र सरळ चुकूही शकतं. १९९५च्या सुमारास बाजारात आलेल्या एका नामांकित बनावटीच्या, नायट्रॉक्ससाठी (हवेपेक्षा जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी) असलेल्या कॉम्प्युटरमध्ये मोठा दोष निघाला. दोन डाइव्हांच्या मधे डायव्हर बोटीवर साधी हवा घेत असे, पण तो पाण्यातलं जास्त ऑक्सिजनचं मिश्रणच अजून घेतो आहे असं यंत्र धरून चाले. त्यामुळे नायट्रोजन खरोखर जातो त्यापेक्षा लवकर गेला असं गृहीत धरलं जाई आणि दुसऱ्या डाइव्हला जास्त मिनिटं मिळत. अखेर २००३ साली ते कॉम्प्युटर परत मागवण्यात आले. ज्या डायव्हरला पहिल्या डाइव्हनंतर दुसरीचा वेळ साधारण किती कमी व्हायला हवा याचा अंदाज होता, त्याला तरी हा आकडा खटकू शकला असता. थिअरीचा खरा उपयोग इथे आहे: आकडा खटकण्यासाठी मनात आधी एक आकडा असावा लागतो.

कोकणातला तांडेल आज जीपीएस वापरतो, पण किनाऱ्यावरचे डोंगर आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून जागा ओळखण्याची जुनी विद्या त्यानं टाकलेली नाही. यंत्र आणि खूण जुळली नाही तर तो बोट थांबवतो. डायव्हरकडूनही अपेक्षा तेवढीच आहे.

कॉम्प्युटरला काय माहीत नसतं याची यादी लांब आहे. रात्री तुमची झोप झाली नाही, उन्हात बोटीवर पाणी प्यायला विसरलात, तळाशी प्रवाहाविरुद्ध पाय मारून दमलात, वर येताना कुडकुडत होता, यातलं बहुतेक त्याच्या हिशेबात येत नाही. साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं जन्माआधीचं छिद्र पूर्ण बुजलेलं नसतं. अशा माणसात फुप्फुसात अडकून गाळले जायला हवे असे बुडबुडे थेट धमन्यांत जाऊ शकतात. बहुतेकांना हे आयुष्यभर कळतही नाही, मग कॉम्प्युटरला कुठून कळणार? सिलिंडरमध्ये नायट्रॉक्स आहे की साधी हवा, हेही तुम्ही सांगाल तेच तो खरं मानतो. ३२ टक्क्यांच्या नायट्रॉक्सची मर्यादा, ऑक्सिजनचा दाब १.४ धरला तर, सुमारे ३४ मीटर आहे. सेटिंगमध्ये ‘हवा’ असेल तर पडदा त्याच्या खालीही तुम्हाला निर्धास्त जाऊ देईल, आणि ऑक्सिजनचा झटका बहुधा पूर्वसूचना न देता येतो.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, काल कुणी काय केलं तेवढंच त्याच्या स्मरणात असतं, आणि ‘कुणी’ म्हणजे ज्यानं तो घातला होता तो. डाइव्ह सेंटरवर भाड्याचा कॉम्प्युटर सकाळी एकाच्या हातावर आणि दुपारी दुसऱ्याच्या हातावर जातो. दुपारच्या डायव्हरला मिळालेली मिनिटं सकाळच्या माणसाच्या शरीराची असतात. कॉम्प्युटर दिवसभर एकाकडेच राहिला पाहिजे आणि दोघांत एक वापरू नये, एवढी थिअरी शिकायला दहा मिनिटं पुरतात.

नायट्रोजनच्या चर्चेत हवा मागे पडते, हाही कॉम्प्युटरवर विसंबण्याचा एक परिणाम. म्हणून एक गणित इथे पुरतं मांडून दाखवतो. आपल्याकडे सर्रास मिळणारा ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर, २०० बार भरलेला. खोली ३० मीटर, म्हणजे दाब पृष्ठभागाच्या चौपट. समजा, तळाशी असताना बडीची हवा संपली. आता एका सिलिंडरवर दोघे, आणि दोघेही धास्तावलेले. धास्तावलेला माणूस पृष्ठभागाच्या हिशेबानं मिनिटाला ३० लिटर सहज घेतो. दोघांचे ६० झाले. एकमेकांना धरून, जादा रेग्युलेटर देऊन सावरायला एक मिनिट: चौपट दाबानं २४० लिटर. मिनिटाला नऊ मीटरनं वर यायला तीन मिनिटं वीस सेकंद, सरासरी दाब अडीचपट: ५०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, दाब दीडपट: २७० लिटर. बेरीज १,०१० लिटर. तिला ११ नं भागलं की ९२ बार.

म्हणजे ३० मीटरवर काट्यानं ९२ दाखवले की वर निघायची वेळ झाली. ‘पन्नास बार उरले की सांगा’ हा आपल्याकडच्या बोटीवरचा नेहमीचा दंडक उथळ पाण्यात ठीक आहे. ३० मीटरवर तो दोन माणसांना वर आणू शकत नाही. आता उरलेला हिशेब बघा. वापरायला मिळाले १०८ बार, म्हणजे सुमारे १,१९० लिटर. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेत असेल तर ३० मीटरवर ८० घेतो. वेळ मिळाला पंधरा मिनिटांच्या आत, उतरण्याचा धरून. पडद्यावर मात्र नायट्रोजनच्या हिशेबानं अजून मिनिटं शिल्लक दिसत असतील. हवा मोजणारे कॉम्प्युटरही सर्वसाधारणपणे तुमच्या एकट्याच्या श्वासावरून वेळ सांगतात. बडीचा श्वास त्यांत नसतो. ही आकडेमोड सहावी-सातवीच्या गणिताच्या पलीकडची नाही. ती बोटीवर बसून, पाटीवर, उतरण्याआधी करायची असते.

थिअरीची गरज पाण्याबाहेर आल्यावर तर आणखी वाढते. कॉम्प्युटरच्या मर्यादेत राहूनही बेंड्स होऊ शकतो. क्वचित होतो, पण होतो, कारण मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. धोका हळूहळू वाढत जातो आणि त्यात कुठेतरी कुणीतरी रेघ ओढलेली असते. संध्याकाळी खांदा किंवा कोपर दुखायला लागतं, बोटांना मुंग्या येतात, अंगावर लालसर-निळसर चट्टे उठतात, नेहमीपेक्षा फार वेगळा थकवा येतो. ‘कॉम्प्युटरनं काही दाखवलं नाही, म्हणजे सिलिंडर उचलताना खांदा अवघडला असेल,’ असं म्हणून माणूस झोपी जातो आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. कॉम्प्युटरवरच्या आंधळ्या विश्वासाचं सर्वांत मोठं नुकसान मला इथे दिसतं. अशा वेळी ताबडतोब शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, डायव्हिंगची जाण असलेल्या डॉक्टरशी बोलायचं आणि दाबाच्या कोठीपर्यंत पोचायची तयारी करायची. लॉगमधला आलेख निर्दोष आहे, हा निदानाचा आधार होऊ शकत नाही.

आपल्या किनाऱ्याचा विचार केला तर प्रश्न आणखी नेमका होतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ जे पर्यटक प्रथमच पाण्याखाली जातात, त्यांना डिकम्प्रेशनचं गणित नको. गाइड त्यांना धरून नेतो आणि खोली बेताची असते. त्यांना एकच गोष्ट पक्की सांगायला हवी: श्वास रोखायचा नाही. भरलेली छाती घेऊन मीटर-दीड मीटर वर आलं तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. हे बॉइलच्या नियमाचं सर्वांत साधं आणि सर्वांत कठोर रूप आहे. त्यांना नेणाऱ्या गाइडची गोष्ट वेगळी. तो दिवसभरात अनेकदा खाली-वर होतो. नायट्रोजनचा भार थोडा असला तरी वारंवार वर येणं, कानांवरचा ताण आणि थकवा साठत जातो. गाइड म्हणून काम करणाऱ्या या मुलांपैकी कितीतरी जण किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतली आहेत. पाणी, वारा, भरती-ओहोटी त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. त्यांच्या हातात पडणारी पुस्तकं मात्र इंग्रजीत असतात. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं पहिलं कारण ते आहेत.

दुसरं कारण घाट. मालवणला शनिवार-रविवार डाइव्ह करून माणसं त्याच संध्याकाळी कोल्हापूर, पुणे, बेळगावकडे निघतात. विमानाआधी थांबायचं हे आता बहुतेकांना माहीत असतं: एका साध्या डाइव्हनंतर निदान बारा तास, अनेक डाइव्हांनंतर निदान अठरा. पण गाडीनं चढलेला घाटही उंचीच असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. विमानाइतका दाब तिथे उतरत नाही, पण दिशा तीच असते. अमेरिकन नौदलाच्या नियमावलीत डाइव्हनंतर उंचावर जाण्यासाठी स्वतंत्र तक्ताच आहे. उथळ पाण्यातल्या एखाद्या डाइव्हनंतर यात चिंतेचं कारण नाही. दिवसात दोन-तीन खोल डाइव्हा झाल्या असतील तर रात्र किनाऱ्यावर काढून सकाळी घाट चढावा. तुम्ही घाट चढणार आहात हे बॅगेतल्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरं कारण अंग्रिया बँक. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून अधिक आत समुद्रात असलेल्या त्या बुडालेल्या पठाराचा माथाच वीस मीटरच्या आसपास आहे. तिथली प्रवाळं बघायची ओढ मराठी डायव्हरांना आहे आणि ती योग्यच आहे. पण तिथे किनारा काही तासांवर आणि दाबाची कोठी त्याहून लांब. अशा जागी पडद्यावरची शेवटची मिनिटं खर्चून वर येणं आणि मुंबईच्या नौदल रुग्णालयाजवळ तीच मिनिटं खर्चणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉम्प्युटरला अंतर मोजता येत नाही. किती सावध सेटिंग ठेवायची हा निर्णय माणसाचाच असतो.

मग काय शिकायची गरज नाही? कम्पार्टमेंटांचे सोळा अर्धकाळ पाठ करण्याची नाही. प्रत्येकाच्या सोसण्याच्या मर्यादेची सूत्रं मांडण्याची नाही. बुडबुड्यांच्या निरनिराळ्या सिद्धांतांत कुठला श्रेष्ठ हे ठरवण्याची तर मुळीच नाही. त्यावर संशोधकांतच अजून मतभेद आहेत. ज्यांना ओढ आहे त्यांनी ते जरूर वाचावं, पुस्तकाच्या अखेरीस त्यासाठी जागा ठेवली आहे. डिकम्प्रेशनचे थांबे ठरवून घेणाऱ्या तांत्रिक डायव्हरांसाठी हा अभ्यास ऐच्छिक नसतो. हौशी डायव्हरची गरज त्याहून खूप कमी आणि बरीच वेगळी आहे.

त्या गरजेप्रमाणे पुस्तकाची मांडणी केली आहे. पहिल्या भागात दाब, आकारमान आणि श्वास. दुसऱ्यात नायट्रोजन, आणि एकच जुनं टेबल, हातानं सोडवायच्या उदाहरणांसह. टेबल आता बोटीवर न्यायचं नाही. पण ते सोडवल्यानं १८ मीटरला तासाभराच्या आसपास, ३० मीटरला वीस मिनिटांच्या आसपास, दुसऱ्या डाइव्हला त्याहून कमी, असे ठोकताळे मनात बसतात. तिसऱ्या भागात हवेचा हिशेब, चौथ्यात कॉम्प्युटरच्या सेटिंग एकेक करून, आणि पाचव्यात डाइव्हनंतरचे चोवीस तास. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एकच प्रश्न ठेवला आहे: याबाबत तुमच्या कॉम्प्युटरला काय माहीत नाही?

प्रशिक्षकांना एक विनंती आहे. अभ्यासक्रमात टेबल ऐच्छिक झालं असलं तरी स्विमिंग पूल आणि समुद्र यांच्या मधे एक दुपार या हिशेबासाठी काढा. विद्यार्थ्याला कॉम्प्युटर देण्याआधी त्याच्याकडून अंदाज मागा, आणि मग दोघांनी मिळून पडदा बघा. अंदाज चुकला तर त्या चुकीवर बोला. शिकणं तिथेच होतं.

वाचकाला एवढंच सांगायचं आहे. पुढच्या डाइव्हआधी बोटीवर बसून पाटीवर तीन आकडे लिहा: किती खोल जाणार, तिथे साधारण किती मिनिटं मिळतील आणि किती बार उरले की वर निघणार. मग उतरा आणि कॉम्प्युटरकडे बघत राहा. तुमचा आणि त्याचा आकडा जुळला तर उत्तम. जुळला नाही तर दोहोंतला जो जास्त सावध असेल तो पाळा, वर या आणि फरक का पडला ते शोधा. हे पुस्तक त्या शोधासाठी लिहिलं आहे. ते कपाटात ठेवू नका, बोटीवर न्या.